बॅलन्स आउट : भरून निघणे आणि भरून काढणे

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन धारेवर घाटघर आणि रतनवाडी ही गावे आहेत. चांगल्या पावसाळ्यात तिथे पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला आणि दक्षिणेला, नगर, पारनेर, पाथर्डी, कर्जत या तालुक्यांत चारशे-पाचशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी ‘यंदा बरं झालं’ म्हणतो. या दोन टोकांविषयी इंग्रजीत कोणीही सहज लिहून जाईल : ‘द हेवी रेन इन द वेस्ट बॅलन्सेस आउट द ड्राय ईस्ट.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काही खोट नाही. अर्थाने मात्र ते साफ चुकीचे आहे. घाटघरच्या पावसाने पाथर्डीची विहीर भरत नाही. भरतो तो फक्त सरासरीचा रकाना.

हे वाक्य नेमके कुठे चुकते, ते समजले की ‘बॅलन्स आउट’ हे क्रियापद समजले.

महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले. तेव्हापासून शाळेत शिरलेल्या मुलांना इंग्रजी शब्द भरपूर येतात. अडखळायला होते ते ‘गिव्ह अप’, ‘टर्न डाउन’, ‘बॅलन्स आउट’ अशा जोडक्रियापदांपाशी. दोन्ही शब्द सुटे सुटे ओळखीचे, पण एकत्र आले की अर्थ हातातून निसटतो. शिकवणाऱ्यांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे यादी पाठ करणे. परीक्षेपुरती ती यादी टिकते आणि मग विसरली जाते. मराठी घरातल्या मुलाला ही क्रियापदे समजावून देण्याचा याहून सोपा रस्ता त्याच्या स्वतःच्या भाषेत आहे. तो फारसा कोणी वापरत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आधी पहिला शब्द. ‘बॅलन्स’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये ‘बिलांक्स’ म्हणजे दोन पारड्यांचा तराजू : ‘बि’ म्हणजे दोन, ‘लांक्स’ म्हणजे ताट किंवा पारडे. म्हणजे मुळात ही वस्तू बाजारातली. मराठी बाजारालाही तिची पुरेपूर ओळख आहे. तेलासाठी गिऱ्हाइकाने आणलेले भांडे एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात खडे किंवा वजने टाकायची आणि भांड्याचे वजन आधी फेडून घ्यायचे, याला दुकानदार ‘धडा करणे’ म्हणत. तराजूच्या दोन पारड्यांतच जो बारीक फरक असतो आणि तो मिटवायला जे चिमूटभर वजन बांधतात, तो पासंग. ‘अमका त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आजही म्हटले जाते. ज्यांनी हा तराजू कधी पाहिला नाही, तेही म्हणतात. ‘बॅलन्स आउट’च्या गाभ्यात हीच कृती आहे. एका बाजूला काहीतरी जास्त झाले, दुसऱ्या बाजूला तेवढेच घातले, काटा मध्ये आला.

आजच्या मराठी माणसाला ‘बॅलन्स’ भेटतो तो मात्र वेगळ्या अर्थाने. मोबाइलमधला बॅलन्स संपतो, बँकेतला बॅलन्स तपासला जातो. इथे बॅलन्स म्हणजे शिल्लक. हिशेबाच्या वहीत जमा आणि नावे या दोन बाजू जुळवताना मधे जो आकडा उरतो तो बॅलन्स, म्हणून हा अर्थही तराजूतूनच निघालेला आहे. भारतीय इंग्रजीने तो पुढे आणखी ताणला. कचेऱ्यांतून ‘बॅलन्स वर्क’, ‘बॅलन्स अमाउंट’ असे सर्रास लिहिले जाते आणि त्याचा अर्थ उरलेले काम, उरलेली रक्कम एवढाच असतो. ब्रिटनमधला वाचक ‘बॅलन्स वर्क’पाशी थबकेल, तो त्या जागी ‘रिमेनिंग’ वापरतो. याच सवयीमुळे ‘बॅलन्स आउट’ ऐकताच बऱ्याच मराठी विद्यार्थ्यांना ‘शिल्लक संपली’ असे काहीसे वाटते. क्रिकेटमधला ‘आउट’ त्यात भर घालतो. हा गैरसमज पहिल्याच तासाला दूर करावा.

आता ‘आउट’. शब्दकोश सांगतो, आउट म्हणजे बाहेर. पण ‘फाइंड आउट’, ‘वर्क आउट’, ‘सॉर्ट आउट’ यांत बाहेर कोण जाते? इथे मराठी मदतीला येते. फाइंड आउट म्हणजे शोधून काढणे. पिक आउट म्हणजे निवडून काढणे. क्रॉस आउट म्हणजे खोडून काढणे. वाइप आउट म्हणजे पुसून काढणे. ड्राइव्ह आउट म्हणजे हुसकून काढणे. इंग्रजीने जिथे ‘आउट’ लावला, तिथे मराठीने ‘काढणे’ लावले, आणि काढणे म्हणजे तरी काय, बाहेर आणणेच. दोन्ही भाषांत बाहेर आणण्याचा मूळ अर्थ पातळ होत गेला आणि त्या जागी काम शेवटाला नेण्याचा अर्थ आला. ‘शोधणे’ आणि ‘शोधून काढणे’ यांत फरक आहे. शोधणारा रिकाम्या हाताने परत येऊ शकतो. शोधून काढणारा येत नाही. ‘बॅलन्स’ आणि ‘बॅलन्स आउट’ यांतही असाच फरक आहे. नुसता बॅलन्स म्हणजे तोल राखणे. बॅलन्स आउट म्हणजे जे कमी-जास्त झाले होते ते फिटून जाणे, अखेर हिशेब जुळणे.

मराठीची देणगी एवढ्यावर संपत नाही. ‘काढणे’ला एक जोडीदार आहे : ‘निघणे’. तोटा भरून काढला, तोटा भरून निघाला. पहिल्या वाक्यात कोणीतरी काम केले. दुसऱ्यात ते झाले. कोणी केले, हे वाक्य सांगत नाही. ‘बॅलन्स आउट’ला हे दोन्ही वापर एकाच रूपात सांभाळावे लागतात. ‘द लॉसेस बॅलन्स्ड आउट’ म्हणजे तोटे भरून निघाले. ‘शी बॅलन्स्ड आउट द लॉसेस’ म्हणजे तिने तोटे भरून काढले. इंग्रजीत क्रियापद तेच राहते, फक्त पुढे कर्म येते किंवा येत नाही. मराठीत क्रियापदच बदलते, त्यामुळे कर्ता लपला आहे की समोर आहे, ते लगेच कळते. म्हणून वर्गात ‘बॅलन्स आउट’चा एकच मराठी अर्थ देऊ नये. भरून निघणे आणि भरून काढणे, ही जोडी द्यावी. प्रत्येक वाक्य या दोघांपैकी कोणाच्या घरातले, ते मुलांना ठरवू द्यावे.

वापराचे नियम थोडेच आहेत. कर्म नाम असेल तर ते ‘आउट’च्या आधीही चालते, नंतरही : ‘बॅलन्स आउट द कॉस्ट’, ‘बॅलन्स द कॉस्ट आउट’. कर्म सर्वनाम असेल तर मात्र ते मधेच बसते : ‘बॅलन्स इट आउट’. ‘बॅलन्स आउट इट’ असे कोणी म्हणत नाही. एका पायावर तोल सांभाळताना ‘आउट’ लागत नाही, तिथे ‘बॅलन्स ऑन वन लेग’. जमाखर्च जुळवण्यालाही ‘बॅलन्स द बुक्स’ म्हणतात, आउट न लावता. खतावणीतले एखादे खाते बंद करून शिल्लक पुढे ओढणे म्हणजे ‘बॅलन्स ऑफ’, पण हा हिशेबनिसांचा शब्द. इतरांना तो क्वचितच लागतो.

शेजारची क्रियापदे जास्त घोटाळा करतात. समजा, नेप्ती किंवा घोडेगावच्या बाजारात कांद्याचा भाव एका आठवड्यात चढतो, पुढच्यात पडतो, आणि महिन्याभरात चढउतार कमी होऊन एका पातळीवर येतो. तिथे ‘ईव्हन आउट’ योग्य. उंचसखल होते ते सपाट झाले. कांद्यात मार बसला पण दुधाच्या पैशाने घर सावरले, तर ‘बॅलन्स आउट’, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या विरुद्ध दिशेने ओढतात. पगार वाढला आणि तेवढीच महागाई वाढली, हाती पूर्वीइतकेच उरले, तर ‘कॅन्सल आउट’. दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन शून्य झाले. उशिरा आलेल्या पाहुण्याने मिठाई आणून रुसवा घालवला, तर ‘मेक अप फॉर’. यात एक बाजू चुकीची आणि दुसरी भरपाईची. पहिल्या तिघांत ‘आउट’ आहे आणि तिघांतही शेवटाला नेण्याचा तोच भाव आहे.

या क्रियापदाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत जुने उदाहरण मराठी घराच्या भिंतीवर, कालनिर्णयात टांगलेले असते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. दर वर्षी जवळजवळ अकरा दिवसांची तूट पडते. ती तशीच वाढू दिली तर दिवाळी सरकत सरकत ऐन पावसाळ्यात येईल. म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालतात. एकोणीस वर्षांत असे सात. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. गावाकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात, जावयाला अनारसे आणि वाण देतात. ‘दुष्काळात तेरावा महिना’ या म्हणीतला तेरावा महिना तो हाच. तूट आपोआप भरून निघत नाही. पंचांगकर्ते ती भरून काढतात.

हिजरी कालगणनेने ही तूट भरून काढायची नाही असे ठरवले. तिथे वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचेच राहते. नगर शहरातला मोहरम महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. कोठल्यातील बारा इमामांच्या सवारीला सर्व जातिधर्मांचे लोक जमतात. तो मोहरम दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. नगरच्या एकाच माणसाने सवारी भर पावसात पाहिलेली असते, कडाक्याच्या थंडीतही आणि उन्हाच्या झळांतही. एकाच शहरात दोन पंचांगे शेजारी शेजारी नांदतात : एक बॅलन्स आउट करणारे, एक न करणारे. दोन्ही आपापल्या जागी पूर्ण सुसंगत आहेत.

आता या क्रियापदाच्या सर्वांत धोक्याच्या वापराकडे. ‘इट ऑल बॅलन्सेस आउट इन द एन्ड’ हे वाक्य इंग्रजी बोलणारे दिवसातून कितीदा तरी म्हणतात. शेवटी सगळे भरून निघते. धीर द्यायला ते ठीक आहे. पण नियम म्हणून ते खरे आहे का?

याचा एक नामी पुरावा दुसऱ्या महायुद्धातून मिळतो. जॉन केरिच हे दक्षिण आफ्रिकेत शिकवणारे गणितज्ञ १९४० मध्ये डेन्मार्कमध्ये असताना जर्मनीने तो देश घेतला आणि केरिच नजरकैदेत अडकले. तिथे त्यांनी एक नाणे दहा हजार वेळा उडवले आणि प्रत्येक निकाल लिहून ठेवला. पहिल्या शंभरांत छापा ४४ वेळा आला, म्हणजे निम्म्यापेक्षा सहाने कमी. हजाराला ५०२. दहा हजार पूर्ण झाले तेव्हा ५,०६७. टक्केवारी पाहिली तर ४४ वरून ५०.६७ वर आली, पन्नासच्या अगदी जवळ. पण प्रत्यक्ष फरक? सुरुवातीला सहाचा होता, शेवटी सदुसष्टचा झाला. म्हणजे प्रमाण जुळले आणि अंतर मात्र वाढले. नाण्याला आधीचे काही आठवत नाही. छापे कमी आले म्हणून पुढे ते जास्त यावेत, अशी कोणती व्यवस्था निसर्गात नाही. पुढच्या भारंभार फेकींमध्ये आधीचा फरक क्षुल्लक ठरतो, एवढेच घडते. तो फिटत नाही, बुडून जातो.

पाऊस काही नाणे नाही. समुद्राचे तापमान आणि वाऱ्यांची स्थिती त्यावर परिणाम करतात. तरी ‘गेली दोन वर्षे कोरडी गेली, आता यंदा तरी दणकून पडेल’ या आशेत तीच गफलत आहे. यंदाच्या पावसाला गेल्या वर्षीचे देणे फेडायचे नसते. आणि समजा, पुढच्या वर्षी दुप्पट पडलाच, तरी या वर्षी वाळलेली लिंबूबाग त्याने हिरवी होत नाही. दहा वर्षांच्या सरासरीत सगळे भरून निघते. कुटुंबाला मात्र एकेका उन्हाळ्यातून जावे लागते. ‘बॅलन्स आउट’ वापरताना ‘किती काळात’ हा प्रश्न अध्याहृत असतो. चांगले इंग्रजी लिहिणारा त्याचे उत्तर वाक्यातच देतो : ‘ओव्हर द इयर’, ‘ओव्हर अ डिकेड’. ज्या वाक्यात काळही नाही आणि कर्ताही नाही, त्याकडे वाचकाने सावधपणे पाहावे.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने हे क्रियापद निघणेच्या घरातून काढणेच्या घरात नेले. पावसाची सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेले, माणसे मजुरीसाठी बाहेर पडली. १९८९-९० मध्ये वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही सूत्रे गावाने धरली. डोंगरावर चर खोदले, बांध घातले, शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही असे ठरवले. या सगळ्यापेक्षा वेगळी गोष्ट पुढे आली, ती म्हणजे पाण्याचा ताळेबंद. जमाखर्चाचे शिक्षण घेतलेल्या माणसाच्या गावात पाण्याची कीर्द निघावी, यात नवल नाही.

त्यामागचे गणित कोणत्याही ग्रामपंचायतीला करता येईल. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर गावाच्या शिवारात जवळजवळ साडेसत्त्याण्णव कोटी लिटर पाणी पडले. ही झाली जमा बाजू. त्यातले काही बाष्प होऊन उडते, काही वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून राहते, काही भूगर्भात मुरते. उरलेल्यातून आधी माणसांचे पिणे, मग जनावरांचे, मग घरवापराचे पाणी बाजूला ठेवायचे आणि त्यानंतर शेतीला काय राहते ते पाहायचे. हा हिशेब ग्रामसभेसमोर येतो आणि त्यावरून त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते ठरते. पाऊस कमी झाला की जास्त पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत. ऊस आणि केळी तर एरवीही नाहीत. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हा निर्णय किती अवघड आहे, ते नगरकरांना सांगायला नको.

इथे पारड्यांची अदलाबदल लक्षात घेण्यासारखी आहे. बहुतेक ठिकाणी मागणी ठरलेली असते आणि पाणी तिला पुरे पडावे अशी अपेक्षा असते. नाही पुरले तर टँकर. हिवरे बाजारने पाणी ठरलेले मानले आणि मागणी त्याला जुळवली. इंग्रजीत हे सांगायचे तर ‘द रेन्स बॅलन्स्ड आउट’ चालणार नाही. ‘द व्हिलेज बॅलन्सेस इट आउट एव्हरी इयर’ असेच म्हणावे लागेल. कर्ता हजर, काळही हजर.

एका गावाच्या शिवेत जे जमते ते नदीच्या खोऱ्यात फार कठीण होते. प्रवरेवर भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले. त्याच्या खालचे निळवंडे १९७० च्या सुमारास कल्पनेत आले आणि त्याचा डावा कालवा २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते अर्पण झाला. मधे पाच दशके गेली. मुळा नदीवर राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला २६ टीएमसीचे मुळा धरण आहे. हे सगळे पाणी पुढे गोदावरीत आणि तिथून पैठणच्या जायकवाडीत जाते. मराठवाड्याचे पिणे, उद्योग आणि शेती जायकवाडीवर अवलंबून. वरची धरणे भरली आणि खालचे रिकामे राहिले, तर काय? खोऱ्याची सरासरी काढली तर सगळे ठीक दिसेल. पैठणचा उन्हाळा मात्र त्या सरासरीवर निघत नाही.

म्हणून भरून काढण्याचे काम कायद्यावर आले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात समन्यायी पाणीवाटपाचे कलम आहे. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याचे कोष्टक घालून दिले आणि २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्या आधारे आदेश दिला. त्या आदेशानुसार, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांनी ठरलेल्या प्रमाणात पाणी खाली सोडायचे. नगर आणि नाशिकमध्ये याला कडवा विरोध झाला आणि होतो. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला स्वतःच्या आवर्तनाची चिंता असते आणि नदीपात्रातून सोडलेल्या पाण्यातले बरेच वाटेतच मुरते, हा त्यांचा मुद्दा पोकळ नाही. तरीही तारीख, टक्का आणि कोष्टक आधी जाहीर असणे, हे दर वर्षी नव्याने भांडण्यापेक्षा कितीतरी चांगले. वाटपाचा वाद आकड्यांवर आला, हीच या व्यवस्थेची मोठी कमाई आहे.

२०२३ चा पावसाळा तुटीचा गेला आणि त्या वर्षी ऑक्टोबरअखेर मुळा, प्रवरा, गंगापूर आणि दारणा या धरणसमूहांतून मिळून ८.६ टीएमसी पाणी जायकवाडीसाठी सोडण्याचा आदेश निघाला. पुढच्या वर्षी, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, जायकवाडी पावसानेच भरले आणि त्याचे दरवाजे उघडून गोदावरीत विसर्ग करावा लागला. त्या वर्षी वरून पाणी सोडण्याचा प्रश्नच आला नाही.